पान १४७ वरचा ओघळ

१८ ऑगस्ट, रविवार

आज चर्चमध्ये प्रवचन चालू असताना एकदम कोशी सर आठवले. ९३ साल असावं. छापखान्याच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघं, मधे पळंपोरीचा पुडा. पुडा आमच्याच प्रुफाचा! केळ्याच्या भज्यांचं तेल कागदात उतरलेलं. सरांनी शेवटचं भजं तोंडात टाकलं, कागद उलटा धरला, डोळे बारीक केले. "सोसम्मा, हा बघ ओघळ."

शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकीखाली एक आल्या की परिच्छेदातून वरून खाली पांढरी रेघ उतरते. भिंतीवरून पाणी उतरावं तशी. मला दिसेना. "उलटा धर. वाचायचं सोड, नुसतं बघ." मी वाचायचं सोडलं आणि तो दिसला. त्या दिवसापासून मला लग्नपत्रिकासुद्धा सुखानं वाचता आलेली नाही.

आठवण का आली ते ठाऊक आहे. शुक्रवारी आलेलं पत्र. अजून पर्समध्येच आहे.

१९ ऑगस्ट

पत्र पुन्हा वाचलं. रुखिया नावाची बाई, मलप्पुरमजवळ एका लहान छापखान्यात अक्षरजुळणी करते. आमच्या 'अच्चु'वरच! सरांनी लिहिलेला जुळणीचा प्रोग्राम तिच्यासारख्या कितीतरी जणींचं पोट चालवतो, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला. प्रोग्राम सरांचा, तो कसा वापरायचा हे सांगणारं पुस्तक माझं. त्यातल्या चुका लोक कळवतात, आणि एकतीस वर्षं ओणम आणि ईस्टरला दुरुस्त्यांचा संच निघतो. आधी फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधून पोस्टानं, आता ईमेलनं. आजपर्यंत चारशे बारा दुरुस्त्या.

यंदा त्या सगळ्या पोटात घेऊन पुस्तकाची शेवटची, बांधीव आवृत्ती निघायची आहे. सरांच्या स्मरणार्थ. १२ सप्टेंबरला फाइल छापखान्याला द्यायची. मग मी मोकळी.

आणि ही रुखिया लिहिते —

"टीचर, राग मानू नका. २०११ साली मी तिरुवनंतपुरमला एका मोठ्या कंपनीत नोकरीसाठी गेले होते. तिथे तुमच्या पुस्तकातलं पान १४७ समोर ठेवतात. डावीकडे ओघळ असलेला परिच्छेद, उजवीकडे ओघळ घालवलेला. म्हणाले, डावीकडचा ओघळ बोटानं दाखव. मी म्हटलं, नाही आहे. ते हसले. माझ्या आधीच्या मुलीनं कुठेतरी बोट ठेवलं, तिला घेतलं. मला म्हणाले, तुला नजर नाही. तेरा वर्षं मी ते मानलं. गेल्या महिन्यात रद्दीत तुमच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती मिळाली. तिच्यात ओघळ आहे! टीचर, खरं पान कोणतं?"

२० ऑगस्ट

पान काढून बघायचं धैर्य झालं नाही. शेवग्याच्या शेंगा सोलल्या. बऱ्याच.

२३ ऑगस्ट

बघितलं. दोन्ही परिच्छेद स्वच्छ. सरळ धरून, उलटं धरून, चष्मा काढून. डावीकडे "ओघळ असा दिसतो", उजवीकडे "ओघळ असा घालवावा", आणि दोन्हीकडे एकही ओघळ नाही! पहिल्या आवृत्तीत डावीकडे नळ सुटल्यासारखा आहे.

मग दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्यांची नोंदवही काढली. दुरुस्ती १८८, ईस्टर २००३: "हाताने घातलेल्या अनावश्यक ओळ-तोडी काढल्या. पाने ९, २२, ६१, १४७…" एकूण त्रेचाळीस पानं. अक्षर माझं.

त्या वर्षी सरांनी अच्चुला ओळ कुठे तोडायची ते नीट शिकवलं होतं, त्यामुळे आधी हातानं घातलेल्या तोडींची गरज संपली. मी एका दुपारी बसून सगळ्या उपटल्या. तण काढावं तशा. १४७ वरच्या ओळी मुद्दाम वाईट तोडल्या होत्या. ओघळ दिसावा म्हणून सरांनी तासभर बसून तो बनवला होता.

मी चूक दुरुस्त करून टाकली. चूक दाखवण्यासाठी ठेवलेली चूक!

शाळेत सिस्टर बेनेडिक्टा शिवणाच्या तासाला आमचा सरळ टाकाही उसवायला लावायच्या. म्हणायच्या, उसवणं शिवण्यापेक्षा पवित्र. मला उसवण्यात पहिलं बक्षीस होतं.

२४ ऑगस्ट

एकवीस वर्षं! किती जणांनी ते पान डोळ्यांसमोर धरून स्वतःच्या डोळ्यांना बोल लावला असेल? आणि मला एकानंही कसं लिहिलं नाही? लोक स्वल्पविरामासाठी चार-चार पानं लिहितात मला.

२७ ऑगस्ट

इब्राहिमला फोन केला. कोळिकोडला असतो, माझ्यानंतर संच तोच पाठवणार. सर गेल्यापासून दुसरी सहीही त्याचीच. आमचा नियम आहे — सरांची आणि माझी, दोघांची सही असल्याशिवाय एकही दुरुस्ती बाहेर जात नाही. भांडणं झाली, तीन-तीन महिने चिठ्ठ्या अडल्या, पण नियम मोडला नाही.

त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "एवढंच ना टीचर? जुनं पान डकवतो आत, नंबरबिंबर नको. फाइल तशीही उघडी आहे. कोणाला कळणार?"

"रुखियाला कळेल."

"तिला मी गोड पत्र लिहितो. वर एक पुस्तक फुकट."

"तिला पुस्तक नकोय, इब्राहिम. तिला डोळे परत हवेत."

मग मी म्हटलं, चारशे तेरावी दुरुस्ती रीतसर काढायची, आणि खाली छापायचं — चूक केली: सोसम्मा वर्गीस.

"अल्ला! टीचर, 'सापडली' म्हणून चूक शोधणाऱ्याचं नाव छापतो आपण. करणाऱ्याचं कधी छापलंय? सरच म्हणायचे ना, चूक कोणाची हे विचारायला लागलो की लोक चुका कळवायच्या थांबतील? मी नाही सही करणार."

"मग पुस्तक अडेल."

"अडू दे. तुमचं नाव असं मी नाही जाऊ देणार. उम्मा — माझी स्वतःची आई — मला घरात घेणार नाही!"

३० ऑगस्ट

झोप नीट नाही. तांदळाचं पुट्टू वाफवलं, पाणी घालायला विसरले, पीठच खाल्लं.

रुखियाला दोन ओळी लिहिल्या: "खरं पान पहिल्या आवृत्तीतलं. तुमची नजर बरोबर होती." कोणामुळे, का — ते लिहवेना. तरी पेटीत टाकलं.

२ सप्टेंबर

इब्राहिमचा फोन. दोन दिवस विचार केलाय म्हणाला. "टीचर, १८८ वर सही किती जणांची होती?"

"दोघांची."

"मग? सरांनीही बघितलं आणि सोडलं. छापायचंच असेल तर दोघांची नावं छापा. नाहीतर कोणाचंच नको. तुम्ही एकट्या कशाला सुळावर चढताय?"

फोन ठेवला आणि — इथे खरं लिहायला हरकत नाही — मला बरं वाटलं. एकदम हलकं! ओघळ ओळखावा तर सरांनीच. तो त्यांनी घडवलेला. तरी सही केली! म्हणजे अर्धी चूक त्यांची. दिवसभर हेच घोळवत राहिले. संध्याकाळी लाज वाटली. रात्री जेवताना पुन्हा बरं वाटलं.

त्या सहीची मूळ चिठ्ठी बघायला हवी. माझ्या वहीत नुसती नोंद आहे. चिठ्ठ्या सरांकडे असायच्या.

५ सप्टेंबर

पट्टमला सरांच्या घरी गेले, लिस्सी चेचींकडे; सरांची बायको, पण आम्हा सगळ्यांची ताई. सर जाऊन दीड वर्ष झालं, चेचींनी त्यांच्या खोलीतला पंखासुद्धा पुसलेला नाही.

"ये! तुमच्या त्या अच्चुनं माझा नवरा तीस वर्षं पळवला, आता कपाट न्यायला आलीस?"

"एक चिठ्ठी बघायची आहे चेची, फक्त एक."

"एक म्हणूनच सुरुवात व्हायची त्यांची. जेवायला हाक मारली की, लिस्सी, एकच ओळ. मीन करी तीनदा गरम करायची मी." मग मऊ होऊन म्हणाल्या, "बस. आधी चहा घे. वाळलीस किती!"

चिठ्ठ्या वर्षावार बांधलेल्या होत्या. २००३ ची सापडली. १८८. माझी सही, खाली सरांची — वेडीवाकडी, उतरती. चेचींनी चष्मा लावून बघितलं. "हे मेडिकल कॉलेजातलं. कावीळ झाली होती ना त्यांना? तूच नाही का आली होतीस गठ्ठा घेऊन? पिवळे धमक डोळे, काही दिसत नव्हतं. म्हणाले, सोसम्माने बघितलंय ना, मग दे पेन."

मी चहा तसाच ठेवला.

निघताना चेचींनी एक मोठं पाकीट हातात दिलं. एक्स-रेचं असतं तसं. वर सरांच्या अक्षरात '१४७'. "हे तुझंच असेल. तुझ्या पानाचा नंबर ना?"

बसमध्ये उघडलं नाही.

६ सप्टेंबर

उघडलं नाही.

८ सप्टेंबर

चर्चहून आले आणि उघडलं. सदतीस पत्रं! कन्नूर, नागरकोविल, मंगळूर, एक तर मस्कतहून. सगळी पान १४७ बद्दल. लोकांना वाटलं, प्रोग्रामनंच ओघळ खाल्ला. प्रोग्रामच्या तक्रारीसाठी पुस्तकात पत्ता सरांचा. म्हणून मला एकही नाही!

प्रत्येक पत्राला सरांच्या उत्तराची कार्बन प्रत टाचलेली. एकवीस वर्षांपूर्वीपासून ते जाण्याआधीच्या डिसेंबरपर्यंत. प्रत्येकात ओघळ असलेला परिच्छेद स्वतः छापून, कापून, जोडलेला. "आपली नजर बरोबर आहे. सोबतचा तुकडा डावीकडे चिकटवावा. सोसम्मा टीचरना कृपया लिहू नये, मी त्यांच्याशी बोलेन."

सदतीस वेळा, मी बोलेन!

रुखियानं त्यांना लिहिलं असतं तर तिलाही तुकडा मिळाला असता. तिला वाटलं दोष डोळ्यांचा, म्हणून तिनं कोणालाच लिहिलं नाही.

दुपारभर येरझाऱ्या घातल्या. आधी रडू आलं, मग राग. इतका राग की व्हरांड्यातली झाडलेली पानं पुन्हा झाडली. माझ्याशी ओळी-ओळीवरून भांडणारा माणूस! एका टिंबासाठी मला मूर्ख म्हणाला होता, सगळ्या जुळणाऱ्यांसमोर. आणि हे एवढं झाकून ठेवलं? मी काय काचेची होते? बोलले का नाहीत? माझी कीव केली त्यांनी. ती मला सोसत नाही.

इब्राहिमला सांगितलं, दोन्ही नावं छाप. चूक केली: सोसम्मा वर्गीस, झाकली: के. कोशी. तो म्हणाला, "टीचर, आज झोपा. उद्याही झोपा. बारा तारखेला बोलू."

१० सप्टेंबर

पाकीट चेचींना परत द्यायचं म्हणून पत्रं तारखेनं लावत होते. सगळ्यांच्या तळाशी आमच्या दुरुस्तीची छापील चिठ्ठी निघाली. मार्च २००४, ईस्टरच्या संचासाठी. सरांच्या अक्षरात: "पान १४७. १८८ मागे घ्यावी, ओघळ परत आणावा. सापडली: के. कोशी." खाली त्यांची सही, ठणठणीत. माझ्या सहीच्या चौकटीत सही नाही. माझं अक्षर आहे: "वाचलं. माझ्या पुस्तकात मुद्दाम ठेवलेली चूक नको. हा विषय पुन्हा काढू नये. — सो."

ते बोलले होते. मीच नको म्हटलं. सही नाही म्हणून दुरुस्ती बाहेर गेली नाही, आणि त्यांनी नियम पाळला.

त्या दिवशी मला काय झालं होतं, आठवत नाही. काही झालं नसेलही.

इब्राहिम, हे पान तुला फोनवर वाचून दाखवते आहे, लिहून घे. परवाचा निरोप रद्द. 'चूक केली' ही ओळ कुठेही नको, तुझ्या उम्माला सांग. ही चिठ्ठी मात्र जशीच्या तशी छापायची, माझ्या अक्षरासकट, पान १४७ च्या समोर.

छापखान्याला: पहिल्या आवृत्तीतलं पान.

त्या सदतीस जणांना: पुस्तक, पोस्टानं. मस्कतचा पत्ता बदलला असेल, शोधावा.

त्या कंपनीला: पान आणि चिठ्ठी, रजिस्टर्ड. सोबत रुखियाचं पूर्ण नाव आणि तिनं दिलेलं उत्तर.

रुखियाला: मी स्वतः जाईन.

लिस्सी चेचींना: पाकीट, सगळी पत्रं क्रमानं. पहिली प्रतही त्यांनाच, माझ्या आधी.

दुरुस्ती ४१३. सापडली: के. कोशी. एक सही आहेच. दुसरी आत्ता केली.