बाहुलीघरातली सापशिडी

१४ ऑक्टोबर २०१८, डहाणू

हेतल आली होती, फिजिओथेरपीची. स्कूटी पुन्हा तुळशीपुढेच लावली. ह्यांचा उजवा हात उचलला, सोडला. पडला.

"काकी, काकांना काहीतरी मळायला द्या. कणिक चालेल."

दिली. कणिक बोटांना चिकटून राहिली. ह्यांनी त्या हाताकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"आणखी देऊ?" ह्यांना विचारलं. "नको."

जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून हा एकच शब्द उरलाय. चहा? नको. आणि कप घेऊन पितात. पंखा लावू? नको. लावला की डोळे मिटून घेतात, बरं वाटतं. आपण समजून घ्यायचं.

१७ ऑक्टो.

शाळा. शिकवून तलासरीहून येताना बस हायवेला अडकली. यशवंती दारातच उभी. दिवसभर ह्यांच्याजवळ असते, मग तिला कैनाडची रिक्षा गाठायची असते. पिशवी उचलून पळाली.

आमच्या केतकीचा व्हिडिओ कॉल, वडोदऱ्याहून. मिहूने बाहुलीघर दाखवायला लावलं. हे आयटीआयत सुतारकाम शिकवायचे. रिटायर झाल्यावर नातीसाठी घर करायला घेतलं होतं. दोन मजले, जिना, सरकती खिडकी. टेबल आणि दोन खुर्च्या झाल्या. पुढचं तसंच. मिहूने मेमध्ये दोन बाहुल्या खुर्च्यांवर बसवल्या, त्या अजून समोरासमोर आहेत.

"आजी, ते लोक नुसते बसलेत. त्यांना काहीतरी खेळायला दे ना. सापशिडी दे."

हे ऐकत होते. किंवा नव्हते.

२८ ऑक्टो.

केतकीने पाठवलेलं कुरिअर आलं. पॉलिमर क्ले, आठ-दहा रंग. मऊ मेणासारखं लागतं हाताला. मळायचं, आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजलं की कडक होतं. केतकी म्हणाली, "बाबा मळतील, तू कर." तिच्या बोलण्यात सगळं सोपं असतं.

ह्यांच्या उजव्या मुठीत हिरवा गोळा दिला. वरून डावा हात. बऱ्याच वेळाने मऊ झाला. बोटं जराशी हलली, असं हेतल म्हणते. मला दिसली नाहीत. मी हो म्हटलं.

११ नोव्हें.

दिवाळीची सुट्टी. फराळ केला नाही.

पांढऱ्या क्लेची पोळी काचेच्या बाटलीने लाटली. खाण्याची भांडी वापरू नका, असं पाकिटावर आहे. काडेपेटीहून लहान चौकोन कापला. सुईने रेघा. तिरक्या आल्या. मोडलं, लाटलं. पुन्हा तिरक्या.

हे बघत होते. डाव्या हाताने टेबलाचा कोपरा चाचपला, पुन्हा पुन्हा तोच. मग कळलं. हत्यारांच्या पेटीतून गुण्या, सुताराची काटकोनाची पट्टी, काढून आणला.

"हा का?"

"नको."

लावला. रेघा सरळ आल्या.

१८ नोव्हें.

ओव्हनचा काटा जास्त फिरला. पट तपकिरी झाला, कडा वळल्या, घरभर वास. यशवंती मागच्या दारातून, "बाय, काय जलला?"

मला वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. वाटलं नाही. खिडक्या उघडल्या. भात लावला.

जूनपासून असंच. लोक भेटायला येतात, माझा हात धरून रडतात. मी आत जाऊन पाणी आणते.

२५ नोव्हें.

दुसरा पट बरा भाजला. साप वळले. शेवया वळतात तसे, दोन बोटांत. ह्यांनी मळलेला हिरवा, त्यात थोडा पिवळा. तोंडाकडे किंचित जाड. शिड्यांच्या पायऱ्या चिमट्याने लावायच्या. श्वास सोडला की उडतात.

३ डिसें.

काही दिवसांपासून जमीन हादरतेय. आज फळ्यावर लिहिताना खडू घसरला. मुलं आधी हसली, मग पळाली. वर्ग आता पटांगणात, झाडाखाली.

केतकीचा फोन. "आई, तुम्ही दोघं इकडे या. तू मेमध्ये रिटायर होतेसच. डहाणूत ठेवलंय काय? वरची खोली तुमचीच आहे."

मला दोन्ही सारखंच. म्हणून ह्यांना विचारलं.

"केतकीकडे राहायला जायचं?"

"नको."

"मग इथेच राहायचं?"

"नको."

१६ डिसें.

पटावर अंक लिहायला बसले. केतकी म्हणाली होती, नको लिहूस, दिसणार कोणाला? पण अंकांशिवाय ती सापशिडी कसली. सगळ्यात बारीक पेन. मोठ्याने म्हणत लिहीत होते, शाळेतली सवय. एकवीस, बावीस, तेवीस. चष्मा पुसायला थांबले.

"चोवीस."

ह्यांचा आवाज.

"पंचवीस. सव्वीस."

मी हललेच नाही. एकोणसाठला अडखळले, पण म्हणाले. थेट शंभरापर्यंत गेले. स्वच्छ. जुनाच आवाज, वर्गात मोजमाप सांगताना असायचा तो.

केतकीला फोन केला. ती रडायला लागली. मी पेनचं टोपण शोधत होते.

मग ह्यांच्यासमोर जाऊन बसले. "माझं नाव काय?"

बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलले.

"नको."

१८ डिसें.

हेतलला सांगितलं. ती लगेच खूश झाली नाही, त्यावरूनच ओळखलं.

"काकी, गिनती, आरती, शिवी, हे आपोआप येतं. गाण्यासारखं. बोलायचं डोक्यातल्या बीजी, दुसऱ्या जगेहून येतं."

"म्हणजे बोलणार नाहीत?"

"असं नाही बोलली मी."

नेहमीचा व्यायाम घेतला. जाताना म्हणाली, मोजू द्या रोज. नुकसान नाही.

२० जाने. २०१९

रोज संध्याकाळी मी "एक" म्हणते आणि हे सुरू होतात. मी भाजी चिरते. शंभर झाले की घर एकदम गप्प होतं. कधी पुन्हा "एक" म्हणते.

सोंगट्या झाल्या. मोहरीएवढ्या. एक लाल हरवली, दुसरी केली.

२ फेब्रु.

काल दुपारी मोठा हादरा. शाळेला सुट्टी दिलेली, मी घरीच. भांडी खाली. यशवंतीने आणि मी ह्यांना खुर्चीसकट अंगणात ओढलं. हे घराकडे हात करून, "नको, नको, नको." यशवंती आत धावली. मी ओरडले, नको जाऊस. ती बाहुलीघर उचलून घेऊन आली. बाहुल्या कुठेतरी पडल्या होत्या, त्या मागाहून सापडल्या.

हेच हवं होतं ह्यांना? तिला कसं कळलं? विचारलं तर म्हणाली, "तिथंच तर बघत व्हते."

मी बघितलं नव्हतं.

तिच्या कैनाडच्या घराची भिंत फाटलीय. ते तिने सगळं आवरून झाल्यावर सांगितलं.

१७ मार्च

सुट्टी. रिक्षाने ह्यांना नरपडला नेलं. ओहोटी होती, पाणी लांब. रिक्षातूनच बघितलं. केतकीकडे समुद्र नाही, असं मनात आलं. मग, आपण तरी इथे किती जातो, असंही आलं.

१२ मे

केतकी, जावई आणि मिहू आले. सापशिडी टेबलावर ठेवली, चिमट्याने. मिहू जमिनीवर पालथी पडून आत बघत राहिली. मी केलेला क्लेचा फासा एवढासा, त्यावरचे ठिपके दिसेनात. मग तिने तिचा मोठा फासा बाहेर टाकला आणि बाहुल्यांच्या सोंगट्या आत हलवल्या. एका बाहुलीला सापाने गिळलं, तर मिहूच ओरडली. ह्यांचं तोंड एका बाजूने हसलं.

१४ मे

आज ते परत निघाले. मिहू ह्यांच्याजवळ गेली. "आजोबा, घर घेऊन जाऊ ना मी?"

"नको."

केतकी हसली, "म्हणजे हो." आम्ही सगळेच हसलो. जावयांनी घर उचलायला हात घातला. उचलेना. ह्यांचा डावा हात छपरावर होता. जावयांनी पुन्हा हलकेच ओढलं. ह्यांची नखं पांढरी पडली.

मिहू म्हणाली, "पप्पा, आजोबा खरंच नको म्हणतायत."

मी म्हटलं, "ठेवा खाली." जावयांचा हात मीच बाजूला केला. इतके महिने चहाला नको, पंख्याला नको. त्यातले किती खरे होते?

केतकी काही बोलणार होती, तेवढ्यात मिहूच म्हणाली, राहू दे, त्यांचा डाव अर्धा आहे. गाडीत बसल्यावर मात्र रडली, काचेतून दिसलं.

३१ मे

निरोप समारंभ. शाल, नारळ. सुट्टी असूनही मुलं आली, रानातली फुलं घेऊन. भाषण केलं. काय बोलले आठवत नाही. शेवटची बस रिकामीच होती.

९ जून

दुपारी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हातात काही घेतलं नाही. भाजी नाही, पेन नाही. मोजायलाही लावलं नाही.

"केतकीकडे राहायला जायचं?"

"नको."

ह्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मांडीवर होता, सैल.

"इथेच राहायचं?"

थोडं थांबून, "नको." माझ्याकडे बघत होते. काही सांगत असतील तर मला वाचता आलं नाही. पण मी उठले नाही.

संध्याकाळी केतकीचा फोन. "बाबा काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"आई, ते सगळ्यालाच नको म्हणतात."

"सगळ्याला नाही."

ती म्हणाली, "मग मी काय समजू? रंगारी उद्या येतोय. वरची खोली रंगवून घेऊ की थांबू?"

म्हटलं, "मी अजून विचारतेय त्यांना."