हल्ली मुक्काम

आबा,

आज संध्याकाळी सहापर्यंत मला एका बाईला कळवायचं आहे की तिचं घर मी वर्षाच्या कराराने घेते की नाही. ही बाई पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका छोट्या शहरात राहते. आता दोन वाजून गेलेत. मी सुरतेला, बमरोलीतल्या आपल्या त्याच भाड्याच्या घरात आतल्या खोलीत बसले आहे, आणि बाहेर आई शेजारच्या दोघींबरोबर साड्यांना खडे चिकटवते आहे. करार उघडून तीन वेळा वाचला आणि तीन वेळा बंद केला. मग तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मध्येच बोलणार नाही एवढाच काय तो फायदा.

तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीत होते. आता नाही. साड्यांची, ड्रेसची प्रिंट डिझाइनं कॉम्प्युटरवर करते आणि ज्याला हवी त्याला देते. फ्रीलान्स म्हणतात, तुम्ही छुटक काम म्हणाला असता आणि तोंड वाकडं केलं असतं. माझं बरंचसं काम आता युरोपातल्या लोकांसाठी असतं आणि तिकडे जाऊन राहायची सोय आहे, म्हणून गेल्या वर्षी दोन जागा बघून आले. एक बर्लिन. तिथे मैत्रिणीच्या घरात खोली आहे, महिन्याच्या बोलीवर, पटलं नाही तर बॅग उचलायची. दुसरं हे पोर्तुगालचं शहर. तिथे कापडाच्या गिरण्या आहेत, सकाळी रस्त्याने जाताना ओल्या कापडाचा आणि वाफेचा तोच वास येतो जो तुमच्या शर्टाला यायचा. पण तिथला व्हिसा हवा तर आधी घराचा वर्षाचा करार जोडावा लागतो. परवा व्हिडिओवर त्या बाईने सरळ विचारलं, राहणार आहात ना, की चार महिन्यांत जाणार? मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, बुधवारी सहापर्यंत सांगा, नंतर मी दुसऱ्याला देईन. आज बुधवार.

मन बर्लिनकडे ओढ घेतं. का, ते व्हिसाचा फॉर्म भरताना कळलं. फॉर्मात दोन रकाने होते, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. सध्याच्यात बमरोली लिहिलं आणि कायमच्याशी हात अडला. आपल्या लोकांना हे दोन रकाने कुणी शिकवावे लागत नाहीत. आपल्या लग्नपत्रिकांवर ते छापलेलेच असतात. मु. पो. म्हणजे खानदेशातलं गाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात ह. मु. सुरत. हल्ली मुक्काम. तुमची हल्ली एकतीस वर्षं चालली, आबा. मला बर्लिन आवडतं ते सोडायला सोपं आहे म्हणून, हे लक्षात आलं आणि तुमचा असा राग आला की फॉर्म तसाच टाकून उठले.

तुम्ही मिलच्या कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खात्यात होतात. किचन म्हटलं की मला लहानपणी वाटायचं तुम्ही तिथे भाज्या करता. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे तर तुम्ही ड्रमांच्या रांगेत कोपरापर्यंत निळे उभे. एकदा सेठ कुठल्याशा लालसाठी घाई करतो आहे, तुम्ही कापडाच्या तुकड्यावर रंग ओढता आणि मी म्हणते, आबा, जमला की. तुम्ही माझ्या हातातून तुकडा ओढून घेता. ‘ओला रंग पाहीसन बोलू नको. वाळू दे.’ सगळ्यांसमोर. माझे कान तापतात. तुमचं बरोबर होतं, वाळल्यावर तो लाल विटकरी निघाला. पण सुरतेच्या बाबतीतही तुम्ही हेच केलंत. वाळायची वाट बघत बसलात. मागच्या गल्लीतलं रो हाउस सेठ बोलून मिळवून देत होता तेव्हा आई दोन दिवस तुमच्या मागे लागली होती. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, ‘आठे इटा कसाले रचान्या? आपलं घर तठे शे.’ आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी चारच होती.

आता जे सांगायचं आहे ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं. ताईच्या लग्नाची पत्रिका. तुमचं अक्षर लागत नाही म्हणून तुम्ही मजकूर मला नीट उतरवून द्यायला सांगितलात. मी सातवीत होते. शाळेत मुली विचारायच्या, तू मूळची कुठली? सुरतची म्हटलं की हसायच्या. त्यांना माझ्या गुजरातीतला आपला हेल लगेच ऐकू यायचा. मी कागदावर गावाचं नाव लिहिलंच नाही. ह. मु. पण लिहिलं नाही. ठळक अक्षरात लिहिलं, मु. पो. सुरत. आणि तो कागद मीच छापखान्यात दिला. गठ्ठा आला तेव्हा तुम्ही डबल पाळी करून आला होतात. वरचा गणपती पाहिलात, मुहूर्त पाहिलात आणि पत्रिका रवाना केल्यात.

गावात ती पत्रिका भाऊबंदांनी मोठ्याने वाचली. काका लग्नाला आले, जेवून गेले. दिवाळीला आपण गेलो तर तुमच्या वाटणीच्या खोलीत त्यांचा कडबा भरलेला. काका दारातच उभे राहून म्हणाले, ‘दादा, तुम्हीच ते लिखी धाडं, तुम्ही आते सुरतना. मंग खोली कसाले रिकामी ठेवू?’ तुम्ही दारातूनच मागे फिरलात. सुरतेला परत आल्यावर मला घेऊन छापखान्यात गेलात. तो माणूस सांगत होता, कागदावर होतं तेच छापलं, पण कागद त्याने कधीच फेकून दिला होता. तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘तू काय लिखेल होतं?’ मी म्हटलं, ह. मु. लिहिलं होतं. मग तुम्ही त्या माणसाला भरल्या दुकानात खोटारडा म्हणालात. माझी पोर खोटं बोलत नाही, म्हणालात. घरी येताना माझ्यासाठी उसाचा रस घेतलात. तो रस मी प्यायले. त्यानंतर तुम्ही गावी जाऊन राहायचं कधी बोलला नाहीत, आणि इथे घरही केलं नाहीत.

मघाशी लिहिणं थांबवून आईला हे सगळं सांगितलं. शेजारणी चहाला गेल्या होत्या. वाटलं, चिडेल, निदान हातातलं काम टाकेल. तिने चिमट्याने एक खडा उचलला, जागेवर बसवला आणि म्हणाली, ‘माले माहीत होतं. तुना अक्षरमा तो कागद मी वाची लिन्हा होता.’ मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ‘काय बोलू? मीबी तेच लिखतू. तुना बापनी माले जलमभर पाव्हणी करी ठेवं.’ तेव्हा मला आठवलं, तुम्ही गेलात त्या सकाळी काका गाडी ठरवून बसले होते, तुम्हाला गावी न्यायचं म्हणून. आईने गाडी परत पाठवली. तापीकाठी इथेच उरकलं. तेव्हा मला वाटलं होतं ती दमली आहे.

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर पोर्तुगालला. दोन खोल्या आहेत, मागे अंगण आहे, वर्षभराचं तर आहे. बर्लिनला तुला नेता येणार नाही, तिथे नेता येईल, बघू काय काय कागद लागतात ते. खूप बोलले. इतकं बोलले की ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. ‘माले कथंच जानं नही,’ म्हणाली. ‘एक डाव पाव्हणी झायू, पुरं. ताई बारडोलीले शे, दर रविवारी येस. तू जाय. पण जाशी ते र्‍हावाले जाय, मुक्कामले नको.’ मग शेजारणी परत आल्या आणि त्यांचं गुजरातीत सुरू झालं. आई गुजराती किती सरळ बोलते, मी आजवर ऐकलंच नव्हतं.

साडेचार वाजता करारावर सही करून पाठवून दिली. बाईचं उत्तर लगेच आलं, किल्ली शेजारच्या बेकरीत ठेवते म्हणून. बर्लिनच्या मैत्रिणीला येत नाही म्हणून कळवलं. फॉर्ममधला कायमचा पत्ता अजून रिकामा आहे, उद्या भरेन.

हा कागद कुणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच. बाकी सगळं तिला सांगितलं, एक सोडून. चल म्हणून मी तिच्या मागे लागले होते ना, तेव्हा पूर्ण वेळ मनात धाकधूक होती की ही हो म्हणेल. ती नाही म्हणाली आणि मला हायसं वाटलं, आबा.