जावयाच्या खिशातून गेलेलं वायफाय

गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर
मार्गशीर्षातला गुरुवार

राजमान्य राजश्री जावईबापू आदर्शराव यांना केरबा आकाराम चौगुले याचा मनापासून रामराम.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची मान आता कशी आहे? दिवाळीत तुम्ही आमच्या लॅपटॉपवर वाकून बसला होता तेव्हाच मी तुमच्या सासूबाईंना म्हणालो होतो की ही मान एक दिवस संपावर जाणार. शेक घेत जा. बेंगळुरात थंडी असेल, कानाला बांधत जा. चि. संयोगिता आणि चि. क्रांती बऱ्या असतील. (तीन वर्षांच्या पोरीला तुम्ही न चुकता 'क्रांती' अशी अख्खी हाक मारता, याचं आमच्या गल्लीला अजून कौतुक आहे. इकडं ती चिमीच.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर अडचण अशी होते की तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. जावयाला मध्येच तोडणं आमच्यात बसत नाही. शिवाय सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, सुटे भाग वाटण्याच्या खिडकीत गेल्यामुळे मी साधं 'बरं' म्हटलं तरी समोरच्याला भांडण काढल्यासारखं वाटतं. कागदावर माझा आवाज जरा बेताचा येतो. म्हणून हे पत्र, आणि तेही तुम्हीच सुधारलेल्या लॅपटॉपवर टाइप करून, तुम्हीच उठवून बसवलेल्या प्रिंटरवर छापलेलं.

तर पहिल्यांदा आभार. संयोगिताचा तो कॉलेजातला लॅपटॉप म्हणजे आमच्या घरातलं पेन्शनर होतं. बटण दाबायचं, डेअरीला दूध घालून यायचं, तरी पडद्यावर गोल आपलं फिरतंयच. तुम्ही दिवाळीत आलात, अंघोळ झाल्याझाल्या त्याचं पोट साफ केलंत आणि जुन्या सिस्टीमच्या जागी लिनक्स बसवलंत. आता बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत चालू होतो. आणि तो प्रिंटर! दुकानदारानं 'आता नव्या सिस्टीमला हा चालत न्हाय, भंगारात घाला' म्हणून हात झटकले होते. तुम्ही नुसती वायर जोडलीत आणि त्यानं गपकन कागद ओढला. तुमच्या सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलंय, ते अजून पुसलेलं नाही. हे सगळं जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलंय, कुणालाही झाकण उघडून आत बघायची मुभा आहे, वाटलं तर बदलायची आणि शेजाऱ्याला द्यायचीही, हे तुम्ही सांगितलंत ते मला फार पटलं. मी आयुष्यभर कंपनीचं सील लावलेले डबे वाटले. आत काय आहे हे ना मला माहीत, ना ते बसवणाऱ्या मेकॅनिकला. त्यामुळे उघड्या झाकणाची किंमत मला तुम्ही न सांगताही कळते.

आता पुढं काय झालं ते सांगतो. तक्रार नाही, नुसती हकिकत.

तुम्हाला ठाऊकच आहे की तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. चिमी इथं आली की एका जागी ठरत नाही, आणि फोनच्या पडद्यावर त्यांना ती म्हणजे एक गुलाबी ठिपका दिसतो. त्या ठिपक्याशी बोलतात, हसतात, आणि फोन ठेवल्यावर मला हळूच विचारतात, आज केस बांधले होते का सोडले होते. म्हणून लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर रविवारी बोलायचं, हे तुम्हीच ठरवून दिलं होतं. तुम्ही इथं होता तोवर वायफाय गावातल्या तालमीतल्या पोरांसारखं पळत होतं. तुमची गाडी उजळाईवाडीच्या पुलावरून हायवेला लागली असेल नसेल, इकडं लॅपटॉपवरचं वायफाय गायब. चिन्हसुद्धा नाही. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, घरातनं पावणं गेलं की रया जातीच. मी म्हटलं, रया जाईल, पण वायफाय कसं जाईल?

मग मी उपाय केले. राउटर आधी पुढच्या सोप्यात होता, तो माजघरात आणला. तिथनं स्वयंपाकघरात. शेजारचा जोतीराम (वायरमन आहे, म्हणजे स्वतःला मानतो) म्हणाला, उंचावर पाहिजे. मग तो सोप्यातल्या कपाटाच्या डोक्यावर चढवला आणि जोतीरामानं खिळे मारून तिथं कायमचा केला. फोनला वायफाय दणकून येत होतं, लॅपटॉप मात्र ओळख दाखवायला तयार नव्हता. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, थांबा, आणि खुंटीवरच्या पँटच्या खिशात हात घातलात. आणि सापडलं. नखाएवढी यूएसबीची काडी. आमच्या लॅपटॉपला तुम्ही स्वतःची काडी लावून वायफाय चालवलं होतं, आणि निघताना आपली वस्तू म्हणून काढून घेतली होती. जावयानं जावयाची वस्तू नेली, त्यात कुणाचं काय चुकलं? (तरी पण आदर्शराव, आम्ही आठवडाभर राउटर घेऊन घरभर फिरलो.)

त्या फोनवर तुम्ही मला समजावून सांगितलंत की लॅपटॉपच्या पोटात वायफायचा भाग आहे, धडधाकट आहे, पण तो जागा व्हायला त्याच्या कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतला छोटा प्रोग्राम लागतो, आणि ते फर्मवेअर बंद झाकणाचं आहे. कुणाला आत बघता येत नाही. म्हणून बसवतानाच तुम्ही ते मुद्दाम बाहेर ठेवलंत. तुमच्या काडीचं तेवढं उघडं असतं, पण तसल्या काड्या आता मिळत नाहीत, मिळाली की धाडतो. बंद वस्तू मी कुणाच्या यंत्रात घालत नाही, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मी फोन धरूनच मान हलवली. ज्या माणसाला नियम आहे त्याच्या घरात पोरगी दिली, याचा मला अभिमान आहे. तो तेव्हाही वाटला, पण जरा कमी.

तोवर वायर लावा, म्हणालात. लावली. पण राउटर आता कपाटाच्या डोक्यावर खिळलेला, आणि वायर आखूड. तेव्हा लॅपटॉपही कपाटावर गेला. रविवारी आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर उभे राहिलो, कपाटाकडं तोंड करून, घराकडं पाठ करून. तुमच्या सासूबाईंचा एक हात कपाटाला, एक माझ्या खांद्याला. फोन लागायच्या आत जोतीराम दारात आला, त्यानं चपला काढल्या आणि हात जोडून मागं उभा राहिला. त्याला वाटलं आम्ही नवा देव बसवलाय. तुमच्या सासूबाई उतरल्या त्या परत चढल्या नाहीत. त्या दिवशी पुन्हा फोनवरच बोलणं झालं, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन मी केएमटीच्या बसनं शाहूपुरीत अझीमकडं गेलो. अझीम म्हणजे आमच्या डेपोतल्या इमाम फिटरचा थोरला, लॅपटॉपची दुरुस्ती करतो. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. आधी त्यानं तुमच्या लिनक्सची यथेच्छ चेष्टा केली आणि सगळं पुसून जुनं टाकून देतो म्हणाला. मी म्हटलं, गड्या, त्याला हात लावू नकोस, मला पुढच्या दिवाळीत पोरीच्या नवऱ्याला तोंड दाखवायचंय. मग तो नीट बसला, चहा मागवला, आणि त्याच लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर वाचून त्याचाच चेहरा बदलला. म्हणाला, चाचा, ह्यांनी स्वतःच ह्याची सोय केलीया. उघड्या मालाच्या कोठारात हे मिसळलेलं न्हाय. बाजूला वेगळा कप्पा केलाय, त्यावर नाव लिवलंय की ह्यो माल बंद झाकणाचा हाय. ज्याला लागंल त्यानं तेवढाच घ्यावा. पूर्वी तो आपण होऊन शोधून आणायला लागायचा, आता बसवतानाच सोबत देतात. त्यासाठी त्यांच्यात वाद झाले, शेवटी मतदान घेऊन ठरवलं. (मतदान म्हटल्यावर मला त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. आमच्या दूध संस्थेत म्हशीच्या पेंडीवरनंही मतदान होतं.) घालू का, म्हणाला. मिनिटाचं काम आहे.

आणि मी नको म्हणालो.

अझीमनं चहाचा कप खाली ठेवला. पण तुम्हीच सांगा, तुमच्या माघारी तुमचा नियम मी कसा मोडू? एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला कपाटाला धरून उभी असलेली माझी बायको. घरी येऊन मी सगळं सांगितलं, वेगळ्या कप्प्याचंसुद्धा. तुमच्या सासूबाई भाकरी थापत होत्या. तुम्हाला माहीत आहेच, त्यांच्या गळ्यात लग्नाच्या आधीपासून तुळशीची माळ आहे. या घरात मटण आत येत नाही. घरामागच्या परड्यात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. तुम्ही आलात की तांबडा-पांढरा रस्सा तिथं मीच करतो. त्या थापत थापतच म्हणाल्या:

"माळ माझ्या गळ्यात हाय, पावण्यांच्या न्हाय. म्हणून परड्यात चूल मांडली की न्हाय? मी चाखलं न्हाय, पर तुमच्या हाताला मीठ-मसाला दिला. लेकीचा नवरा उपाशी उठला असता तर माझ्या माळंला काय मोठं पुण्य लागणार हुतं?"

मी म्हटलं, मग काय करू?

"त्या लोकांनीबी परड्यातच चूल मांडलीया की. घाला म्हणावं अझीमला. आणि पावण्यांना सांगा, लपवू नका. लपवलं तर मग बाटलं."

म्हणून सांगतो आहे. जावईबापू, तुम्ही सुधारलेल्या यंत्रात आम्ही बंद झाकणाचं फर्मवेअर घातलं. तेवढं एकच. बाकी तुमचं सगळं उघडंच आहे, अझीमनं कशालाही हात लावलेला नाही, मी शेजारी बसून होतो. तुमचा नियम आमच्या हातून मोडला असेल तर पाय धरत नाही (सासरा आहे), पण हात जोडतो.

आणि मग रविवार. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तुमच्या सासूबाई पाटावर, नाक पडद्याला टेकलेलं. चिमी आली. तुमच्या सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हिच्या हनुवटीला माझ्या आईसारखी खळी हाय, मला कुणी सांगितलंच न्हाय. आदर्शराव, तीन वर्षांत मलाही ती दिसली नव्हती. मोतीबिंदू त्यांना आहे, मला काय झालं होतं कोण जाणे. त्यानंतर त्यांनी चिमीला दात दाखवायला लावले, केस मोकळे सोडायला लावले, पाठमोरी उभी राहायला लावलं. बाजारात म्हैस बघतात त्याच्या वरताण. मी बाहेर परड्यात जाऊन उभा राहिलो. माणसाला एवढा आनंद एकदम झाला की घरात मावत नाही. हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही त्या लॅपटॉपचं पोट साफ केलं नसतंत तर तो आज भंगारात असता, आणि ती खळी बेंगळुरातच राहिली असती. हे उपकार मी विसरणार नाही, आणि 'उपकार कसले' असं तुम्ही म्हणू नका.

मानेची काळजी घ्या. पोरीला आणि चिमीला आशीर्वाद.

आपला,
केरबा चौगुले

ता. क. : दाणे भाजून शेंगदाण्याची चटणी पाठवतो आहे. डब्यावर नाव घातलंय. डबा परत आला तर बरं, नाही आला तरी तुमच्या सासूबाई विचारतील तुम्हाला नाही, मला.

ता. क. दुसरा : मोठ्या पडद्याचं एक वाईट असतं, त्यात माणसाच्या मागचंही दिसतं. फोनवर संयोगिताचा नुसता चेहरा यायचा. रविवारी ती कुठं बसली होती ते दिसलं. दाराजवळच्या बोळात, चिमीच्या बुटक्या स्टुलावर, चपलांच्या स्टँडला पाठ लावून. भिंतीतून निळी वायर आली होती ती तिच्या लॅपटॉपला, म्हणजे त्याच्याही पोटातला वायफायचा भाग बंद झाकणावाचून झोपलेलाच. आम्ही बघत होतो तेवढ्यात चिमीनं ती दोनदा उडी मारून ओलांडली. तुम्ही आतल्या खोलीत होता, तुमच्या टेबलाशी, त्या एकुलत्या काडीच्या वायफायवर. मी विचारलं तर ती म्हणाली, लांब वायर आणली होती, चिमीच्या पायात यायची म्हणून आखूड केली. ऑफिसचं काम दिवसभर इथूनच करते, काही त्रास नाही, सवय झालीय. तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. तुमचा नियम तिलाही पटतो असंच म्हणाली, आणि तो पटत असणार. पण तिची ही 'सवय झालीय' मला माहीत आहे. शाळेत असताना नवी चप्पल चावून टाचेला फोड यायचे, तेव्हाही असंच म्हणायची.

ता. क. तिसरा : वरचे आभार सगळे खरे आहेत, एकही मागं घेत नाही. नियम मोडा, असं सासऱ्यानं जावयाला सांगू नये, आणि मी सांगतही नाही. पण माझ्या पोरीची खुर्ची आत घ्या. हे सासरा म्हणून नाही, तिचा बाप म्हणून लिहिलं आहे.