जेवणाच्या टेबलाचा ठसा

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगांना शाई लागली आहे, तेव्हा या खेपेला तो शब्दशः घ्यावा.) तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सर्व ठीक. आईचं ब्लडप्रेशर तू रविवारी फोनवर विचारलंस तेव्हा होतं तेवढंच आहे आणि मी, तिच्या मते, वाया गेले आहे.

त्याचं असं झालं. अकरा वर्षं मी खोकल्याच्या औषधांची खोकी डिझाइन करते आहे. सगळं पडद्यावर, चुकलं की बटण दाबायचं, चूक झालीच नव्हती. मग एकदा वाटलं, आपण छपाईवर पोट भरतो आणि बोटाला कधी शाई लागली नाही. म्हणून डबाभर काळी शाई आणि रोलर आणला आणि घरात जे जे खडबडीत दिसेल त्याला शाई फासून कागदावर ठसे घेत सुटले. पायपुसणं, अर्धा कोबी, तुझी जुनी चप्पल, किसणी. किसणीचा ठसा इतका देखणा आला की मी तो भिंतीवर लावला. (आईचं म्हणणं, भिंतीवरच्या किसणीने गाजर किसून दाखव.)

मग नजर गेली जेवणाच्या टेबलावर. आई दवाखान्यात गेली होती. असली कामं अशाच वेळी उरकावीत. माझी बाजू गुळगुळीत, शहाण्या मुलीची. तुझ्या बाजूला मात्र तू कंपासच्या टोकाने भूमितीवर सूड उगवलेला. ते सात खिडक्यांचं विमान आठवतं? आई त्यावर ताट ठेवून पाहुण्यांपासून ते लपवायची. मी तिथे शाई फासून कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलला. ठशात सगळं उलटं येतं. तू कोरलंस तेव्हा विमान दाराकडे निघालं होतं. कागदावर ते स्वयंपाकघराकडे येत होतं. तुला घरी येऊन चार वर्षं झाली दादा. दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’.

असो. आता अख्ख्या टेबलाचा ठसा एकाच कागदावर घ्यायचा आहे आणि तिथेच घोडं पेंड खातंय. कागद सात फुटी. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि एकदमच खाली आणायची. एकजण जरा मागेपुढे झाला की शाई फरफटते. आधी आईला उभं केलं. ती ऐन वेळी शिंकली. (तिच्या कपाळाचा ठसा मात्र सुरेख आला.) शेजारच्या काकूंनी टोक धरलं, पण त्यांना हातवारे केल्याशिवाय सुनेविषयी बोलता येत नाही. शेवटी बॉसला बोलावलं. कागद हवेत असतानाच तो म्हणाला, “जरा डावीकडे घे.” अकरा वर्षांची सवय, मी घेतला. टेबलावरची शाई काही निघत नाही, त्यामुळे आम्ही सध्या जमिनीवर जेवतो आणि उठताना आईचे गुडघे माझ्या नावाने बोटं मोडतात.

तुझ्याबरोबर चादरीची घडी घालताना कधी ‘एक, दोन, तीन’ म्हणावं लागलं नाही. तेव्हा विनंती विशेष ही, की दोन दिवस ये आणि दुसरं टोक धर. मला तुझी फार आठवण येते. हे मधेच लिहून टाकते, म्हणजे तुलाही पटकन वाचून पुढे जाता येईल. वहिनीला आणायचं असेल तर काळे कपडे घालून आण.

तुझी,
हात न धुता लिहिणारी धाकटी

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याला लिही, टेबलाची नासाडी झाली म्हणून भांडायला ये. प्रेमाने बोलावलं की तो येत नाही.”

आणखी एक ता. क. : हे आईला वाचून दाखवलेलं नाही. आमची खोकी छापणाऱ्या छापखान्यातल्या मास्तरांनी सांगितलं, की एक टोक टेबलाच्या कडेला चिमट्यांनी अडकवलं की एकट्यालाही जमतं. परवा करून पाहिलं. जमलं. ठसा अगदी स्वच्छ आलाय. तो गुंडाळून कपाटामागे ठेवला आहे. आणि टेबलाला पुन्हा शाई लावली आहे. ती चार दिवस ओली राहते. कोणत्या गाडीने येतोस ते कळव.