परड्यातला लांडगा

आबा, मंगळवारी सकाळी घरामागच्या परड्यात लांडगा आला होता. मी भांडी घासत बसले होते. चांगलं उजाडलं होतं. शेजारणीचं करडू नेहमीसारखं दगडी गडग्यावरून उतरून माझ्या मेथीत घुसलं होतं. त्याला हाकलायला उठणार, तेवढ्यात गडग्यावर कुत्रं दिसलं. निदान मला ते कुत्रंच वाटलं. पाय लांब, पोट खपाटीला गेलेलं, शेपूट खाली. पण कुत्रं माणसाकडं बघतं तसं ते बघेना. त्यानं मला एकदा नीट न्याहाळलं, ही बाई काही करणार नाही हे ओळखलं, खाली उतरलं, करडाचं नरडं धरलं आणि आलं तसं माळाकडं निघून गेलं. करडू ओरडलंसुद्धा नाही. शेजारणीचं कुत्रं तिच्या दारात झोपलेलं, ते झोपूनच राहिलं.

तुमचा जन्म मेंढरांमागं गेला, तुम्हाला यात नवल वाटलं नसतं. मी अंगणवाडीची बाई, एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितला. आणि मनात पहिल्यांदा करडाचं आलं नाही, तुमचं आलं.

मी नऊ वर्षांची असेन. शेळी विताना मेली, तिचं करडू तुम्ही माझ्या ओटीत घातलंत आणि म्हणालात, ह्ये तुझं. मी ते बाटलीनं वाढवलं. आक्काला बघायला आटपाडीकडचे पाहुणे येणार होते, त्याच सकाळी ते नाहीसं झालं. तुम्ही सांगितलंत, परड्यातनं लांडग्यानं नेलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी सगळं परडं वाकून वाकून पाहिलं. रक्ताचा थेंब नाही. आपलं कुत्रं भुंकलं नव्हतं. आणि चुलीवर मटण शिजत होतं. आईला विचारलं, तर म्हणाली बाजारातनं आणलंय. त्या दिवशी बाजार नव्हता, एवढं मला कळत होतं.

पाहुणे जेवायला बसले आहेत. आक्का वाढते आहे. मी उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणते, "ह्ये माझं करडू हाय. आबांनीच कापलंय." ताटावरून कुणी उठलं नाही. गुमान जेवले, पान खाल्लं, गेले. त्यांचा निरोप कधी आला नाही. तुम्ही मला मारलं नाहीत. दिवस मावळताना मेंढरं कोंडून आलात आणि एवढंच म्हणालात, "पावण्यांम्होरं बापाला खोटं पाडलंस. आता खरं काय ते तूच ठरीव."

मी ठरवलं, तुम्ही खोटं बोललात. आक्काचं पुढं सांगलीला चांगलं झालं, ती ते सगळं विसरूनही गेली. मी विसरले नाही. शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याकडं होता, तेव्हा गोळी घेतली म्हणालात तरी मी पाकीट उघडून बघायची. तुम्ही खाटेवरून माझ्याकडं पाहत असायचा.

मंगळवारी मी शेजारणीला हाक मारून झालं ते सांगितलं. ती आली, परड्यात फिरली, खाली वाकून जमीन पाहिली. लाकडांचा ढीगसुद्धा हलवून पाहिला. मग म्हणाली, "बाई, लांडगा घरामागं कशाला यील? आन् कुत्रं बी भुकलं न्हाई." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणाली, "तुमास्नी ते मेथीत नकोच हुतं." दोन दिवसांपूर्वी त्याच मेथीवरून आमची बोलाचाली झाली होती. मग तिनं माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. आत गॅसवर दूध ठेवलेलं होतं, दुसरं काही नाही. तरी तिचा हात धरून आत न्यावं आणि झाकणं उचलून दाखवावीत असं मला वाटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही खरं बोलत होता असं लिहायला बसले होते, पण तेही हातून उतरत नाही. लांडगा भरदिवसा परड्यात येतो आणि त्याचा मागमूस राहत नाही, एवढं कळलं. मटण कुठलं होतं ते नाही कळलं, आणि आता सांगायला आईही नाही.

एक मात्र सांगते. शेजारीण जायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "माझे आबा जलमभर मेंढरांमागं हिंडले. त्यांनीबी असाच लांडगा परड्यात बघितला हुता. आमच्या घरात त्यांच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली न्हाई."

"मग आसंल," ती म्हणाली आणि गेली.

तिला ते पटलं, आबा.