ओवाळणीच्या ताटातलं व्याज

अहो,

पथारीवर वाळत घातलेली मिरची बघून आलात की आधी जेवून घ्या. कळण्याच्या भाकरी फडक्यात गुंडाळल्या आहेत. मी सीएंकडे चालले आहे.

योगेंद्रला दिलेल्या कर्जावर मिळालेलं व्याज आपल्या कंपनीने दाखवलं नाही अशी जी नोटीस आली, ती चुकून आलेली नाही. माझ्या भावाने व्याज बुडवलेलं नाही. तीनही वर्षं दिलंय, वर कंपनीच्या नावाने टीडीएसही भरलाय. सकाळी योगेंद्रला मीच फोन केला. तो म्हणाला, "अक्का, भाऊबीजले तुन्हा ताटमा पाकीट टाकं ना, ते व्याजच व्हतं. तू कंपनीनी डायरेक्टर शे."

डायरेक्टर म्हणजे तुम्ही सांगाल तिथे सही करायची, एवढंच मला ठाऊक. मी ओवाळणी समजले आणि त्यातून बांगड्या केल्या. तो व्याज देत नाही म्हणून तुम्ही माझ्या माहेरी पाऊल टाकणं सोडलंत, त्यामुळे विषय कधी निघालाच नाही.

बांगड्या सोबत नेते आहे. व्याज मिळालं असंच लिहून द्यायला सांगते. कर आणि दंड बांगड्या विकून निघेल असं वाटत नाही. मागच्या वर्षांची विवरणपत्रं आता दुरुस्त करता येणार नाहीत, असं सीए कालच म्हणाले.

योगेंद्रवर ओरडू नका. त्याचे कागद बरोबर आहेत. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं, की कर्ज घेतल्यापासून त्याने मला ओवाळणी घातलेलीच नाही.

रुपा