सृष्टीची अर्धी गोष्ट

दादा,

माझी सून दुसऱ्या धर्मातली. परवा मी देवापुढे दिवा लावत होते, तेव्हा तिने विचारलं, "आई, तुमच्यात जग कसं निर्माण झालं?"

मी म्हटलं, "आधी सगळीकडे नुसतं पाणी होतं. त्यावर सोन्याचं अंडं तरंगत होतं."

"मग?"

मग काय! लहानपणी आप्पांची गोष्ट इथवर आली आणि तेवढ्यात आपल्या आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं होतं. आप्पा तुला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे आणि मी भांडी घासत कान लावायचे. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष, सगळं मी नळाच्या आवाजातून ऐकलंय, अर्धंमुर्धं. एकदा मध्येच विचारलं, तर आप्पा म्हणाले, "तुला काय करायचंय?"

म्हणून काल तुला फोन केला. तू हसत म्हणालास, "अगं, मी तर झोपून जायचो! काही आठवत नाही."

मग मला तरी बसवायचं होतं रे तिथे!

हे पत्र मी फाडणार आहे, कारण तू यावरही हसशील. आज सुनेला म्हटलं, "मला माहीत नाही. पुस्तक आण, दोघी वाचू." आणि उगाच तिच्यावरच खेकसले. तरी ती पुस्तक घेऊन आली आणि तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

तुझी,
धाकटी